दुसऱ्याच्या नावाची कुटी

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला बापूकुटी आहे. मातीच्या भिंती, बांबूच्या कामट्या, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. दार ठेंगणे, त्यामुळे आत शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मंत्री असो वा सहलीचा विद्यार्थी, मान वाकवावीच लागते. आत गांधीजींची बैठक आहे, कंदील आहे, व्हाइसरॉयला थेट बोलता यावे म्हणून सरकारने बसवलेला टेलिफोन आहे, आणि साप पकडून लांब नेऊन सोडण्यासाठी केलेली पेटीही आहे. माणसे हे सगळे बघतात, दोन मिनिटे गप्प बसतात आणि निघून जातात. ही कुटी गांधीजींनी बांधलेली नाही हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. आणि ती गांधीजींसाठी बांधलेली नव्हती, हे तर त्याहून थोड्यांना ठाऊक असते.

ती बांधली एका इंग्रज बाईने, स्वतःला राहण्यासाठी. मॅडलिन स्लेड हे तिचे जन्मनाव. आपल्याकडे ती मीराबेन म्हणून ओळखली जाते. (आमच्या मीरा-भाईंदरमधल्या मीरा या गावाशी या मीरेचा काडीचाही संबंध नाही. एका वाचकाने मला हा प्रश्न खरोखरच विचारला होता, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

मॅडलिनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारातले वरिष्ठ अधिकारी, पुढे अ‍ॅडमिरल झाले. बाप कायम समुद्रावर, त्यामुळे मुलीचे बालपण गेले ते आजोबांच्या घरी, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या मिल्टन हीथ या मोठ्या वाड्यात. बाग, शेत, गोठा, तबेला असा तो सगळा पसारा होता. मुलीला माणसांपेक्षा घोडे आणि झाडे अधिक जवळची वाटत. या एका गोष्टीचा धागा तिच्या आयुष्यात शेवटपर्यंत तुटला नाही. पुढे ती जिथे जिथे गेली, तिथे तिच्या झोपड्याशेजारी गोठा असायचाच.

१९०९ मध्ये वडिलांकडे ईस्ट इंडीज ताफ्याचे प्रमुखपद आले आणि कुटुंब मुंबईला आले. ऐन सोळा-सतरा वर्षांची मॅडलिन अ‍ॅडमिरलच्या बंगल्यात राहिली. मेजवान्या, नाच, भेटीगाठी यांना कंटाळली आणि परत गेली. हिंदुस्थान म्हणून जो काही होता, तो तिने या दिवसांत फारसा पाहिलाच नाही. बंगल्याच्या कुंपणापलीकडे काय आहे हे पाहण्याची तेव्हाच्या साहेबाच्या मुलीला मुभा नव्हती, आणि तिलाही तशी ओढ वाटली असे दिसत नाही. तिची ओढ त्या वेळी एकाच गोष्टीकडे होती, ती म्हणजे बीथोव्हनचे संगीत.

बीथोव्हनने तिला रोमां रोलांपर्यंत नेले. या फ्रेंच लेखकाने बीथोव्हनवर लिहिले होते, त्याच्यावरून आपल्या प्रचंड कादंबरीचा नायक बेतला होता. ते मूळ भाषेत वाचता यावे म्हणून मॅडलिन फ्रेंच शिकली आणि स्वित्झर्लंडला जाऊन रोलांना भेटली. रोलांचे गांधीजींवरचे छोटे पुस्तक तेव्हा छापून येत होते. मॅडलिनने गांधी हे नावही धड ऐकलेले नव्हते. पुस्तक हातात पडल्यावर तिने ते दिवसभरात वाचून संपवले, आणि संपवले तेव्हा पुढच्या आयुष्याचा निकाल लागलेला होता.

इथपर्यंतची कथा पुष्कळदा सांगितली जाते आणि ती चमत्कारासारखी सांगितली जाते. मला त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मॅडलिनने उतावीळपणे जहाजाचे तिकीट काढले होते, ते पुढे ढकलले आणि एक वर्ष स्वतःला तयार करण्यात घालवले. मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसायचा सराव केला, सूत काततां-विणतां यावे म्हणून शिकवणी धरली, जमिनीवर झोपू लागली. घर बांधणारा माणूस जसा आधी पाया खणतो आणि एक पावसाळा जाऊ देतो, तसे हे वर्ष होते. ६ नोव्हेंबर १९२५ ला ती मुंबईत उतरली, दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोहोचली. गांधीजींनी तिचे नाव मीरा ठेवले. केस गेले, खादी आली, ब्रह्मचर्याचे व्रत आले.

पुढली दहा वर्षे मी इथे भराभर उलटतो. संडास साफ करण्यापासून ते गांधीजींची पत्रे सांभाळण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी केली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गांधीजींबरोबर लंडनला गेल्या, परतल्यावर तुरुंगात गेल्या. १९३४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत फिरून त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली. ज्या समाजातून त्या उठून आल्या होत्या, त्याच समाजाच्या दिवाणखान्यांत खादीची साडी नेसून बसल्या. हे सगळे चरित्रग्रंथांत तपशिलाने आहे.

झोपड्याची हकीकत सुरू होते ती १९३५-३६ च्या सुमारास. गांधीजी तेव्हा जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला मगनवाडीत राहत होते, ग्रामोद्योग संघाचे काम उभे राहत होते. मीराबेन जवळच्या सिंदी गावात रोज सफाईला जात. पण खेड्यात जाऊन झाडणे आणि खेड्यात राहणे यांत फरक आहे, हे त्यांना लवकरच जाणवले, आणि त्या सेगावला मुक्कामाला गेल्या. सेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. जमीन बरीचशी बजाजांच्या मालकीची, वस्ती सहाशेच्या आसपास, त्यांत बहुसंख्य दलित. रस्ता नव्हता, पोस्ट नव्हते, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि साप-विंचू विचारू नका. गावाचे सेवाग्राम असे नामांतर झाले १९४० मध्ये. गांधीजींची पत्रे बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊन पडत, त्यावर हा उपाय होता.

मीराबेनच्या मागोमाग आपणही सेगावलाच जाऊन राहायचे, असे गांधीजींनी ठरवले. ३० एप्रिल १९३६ ला ते गावात आले आणि गावकऱ्यांशी बोलले. घर मात्र अजून व्हायचे होते. त्यांच्या अटी सरळ होत्या. खर्चाला मर्यादा हवी, माल जवळपासचा हवा, मजूर गावातलेच हवेत, आणि शेजाऱ्याच्या घराहून आपले घर वेगळे दिसता कामा नये. ही जबाबदारी मीराबेनवर आली. बलवंतसिंह आणि मुन्नालाल शाह हे आश्रमवासी हाताशी होते. मे महिन्यातले वर्ध्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या सव्वा महिन्याची कल्पना येईल. पारा पंचेचाळिसाच्या वर असतो, विहिरीचे पाणी तळाला जाते, आणि मातीचे काम तर पाण्याशिवाय होत नाही. जूनच्या मध्यावर, भर पावसात, गांधीजी त्या घरात राहायला आले. तेच आदिनिवास.

घर बांधणे हा विषय तसा आपल्या प्रत्येकाच्या अंगावरून गेलेला. आमच्या तारोडीत, उत्तन-डोंगरीच्या या समुद्राकाठच्या पट्ट्यात, निवृत्त झालेला माणूस पहिली गोष्ट कोणती करत असेल तर घरामागच्या वाडीत एक खोपटे उभे करतो. कुदळ-फावडी, खताची पोती, पाण्याचा पाइप, आणि खरे सांगायचे तर घरातल्यांपासून दोन तास दूर बसायला एक जागा. मीही तसे एक उभे केले. गवंड्याने मला तीनच प्रश्न विचारले. भिंत कशाची, छप्पर कशाचे आणि खर्च किती? त्याने स्वतःच उत्तरही दिले, लोखंडी अँगल आणि पत्रा. इथल्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा काही वर्षांत गंजतो, उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि पावसात आतल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, हे त्यालाही माहीत होते. पण झावळ्या विणणारा आता मिळत नाही, म्हणाला. त्या तीन प्रश्नांपाशी अडलो असताना मला मीराबेनचे घर नव्याने दिसू लागले. भावनेने पाहिलेले ते घर वेगळे आणि भिंत, छप्पर, खर्च या हिशेबाने पाहिलेले वेगळे.

वऱ्हाड-नागपूर प्रांतातल्या गावात दोन मातींचा संसार असतो, काळी आणि पांढरी. काळी ही शेताची, पांढरी ही वस्तीची. काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण घराला वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि वरची भिंत उचलून फोडते. म्हणून जोत्याची काळजी घ्यावी लागते, आणि भिंतीला लाकडी खांबांचा सांगाडा देऊन छपराचा भार खांबांवर टाकावा लागतो. मधला भाग बांबूच्या कामट्यांचा कूड करून मातीने लिंपायचा. माती नुसती चालत नाही. तिच्यात भुसा, गवत, शेण मिसळून, भिजवून, तुडवून ती मुरवावी लागते, नाहीतर वाळताना तडकते. भिंत जमिनीजवळ भिजली की संपली, म्हणून छप्पर चारी बाजूंनी खूप पुढे काढायचे आणि खाली पडवी ठेवायची. पडवीमुळे पाऊस भिंतीला लागत नाही, ऊनही लागत नाही. नागपूरकडच्या उन्हात बापूकुटीत शिरल्यावर जो गारवा वाटतो, तो या पडवीचा, जाड मातीचा आणि कवेलूंच्या फटींतून वर निघून जाणाऱ्या गरम हवेचा आहे. लोक त्याला पावित्र्य म्हणतात. माझी हरकत नाही, पण श्रेय आधी छपराला द्यावे.

यातले काहीही मीराबेनने शोधून काढलेले नाही. गावातल्या बाया-माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या येतच होते. अ‍ॅडमिरलच्या मुलीने केले ते एवढेच की, तिने ते त्यांच्याकडून शिकून घेतले, आणि मग त्यात स्वतःचे थोडेसे घातले. उजेड-वारा येईल अशा खिडक्या, सामान ठेवायला भिंतीतल्या फळ्या, प्रत्येक वस्तूला नेमकी जागा. शिकून घेणे हा भाग आपण फार सहज ओलांडून जातो. त्या काळी साहेबाने हिंदी खेड्याला शिकवायचे असा रिवाज होता. इथे साहेबाची मुलगी माती तुडवायला शिकत होती.

आदिनिवास म्हणजे एक मोठी खोली आणि भोवती पडव्या. त्यात गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफारखान, येणारे-जाणारे पाहुणे, सगळे एकत्र. तुकडोजी महाराजही त्या वर्षी काही दिवस तिथे राहून गेले. एवढ्या पुरुषांत कस्तुरबांना स्वतःचा कोपरा उरला नाही. ही अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. अडचण गांधीजींच्या लक्षात आली नव्हती की येऊनही त्यांनी मनावर घेतली नव्हती, हे ज्याने त्याने ठरवावे.

मीराबेनसाठी मात्र त्या घरात जागा नव्हती, आणि तो अपघात नव्हता. गांधीजींच्या सतत जवळ असण्याची त्यांची आस गांधीजींना मानवत नसे. मीराबेनने माणसाला नव्हे, कामाला वाहून घ्यावे असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी ते त्यांना पुन्हा पुन्हा दूर पाठवत, मीराबेन आजारी पडत, परत येत, पुन्हा दूर जात. सेगावातही तेच झाले. ज्या गावात त्या आधी येऊन राहिल्या होत्या, तिथे गांधीजींचे घर उभे करून त्या शेजारच्या गावी गेल्या आणि तिथे स्वतःपुरते झोपडे घातले. पण प्रकृतीने साथ दिली नाही. टायफॉइडने त्या अंथरुणाला खिळल्या, सेगावला परत आणाव्या लागल्या, आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. सुधीर कक्कर यांनी या नात्यावर २००४ मध्ये एक कादंबरी लिहिली. मी स्वतः कादंबरीकार असूनही मला हे नाते कादंबरीपेक्षा या झोपड्यांच्या जाग्यांवरून अधिक कळते. कोणी कुठे घर बांधले आणि कोणाला तिथून उठावे लागले, एवढे पाहिले तरी पुरे.

बरे झाल्यावर मीराबेनने सेगावातच आपल्यासाठी एक कुटी बांधली. राहायची खोली आणि गावातल्या मुलांना पिंजण-कताई शिकवायला जागा, एवढाच तिचा व्याप. आदिनिवास ठरवून दिलेल्या अटींवर उभे राहिले होते. ही कुटी त्यांच्या मनाप्रमाणे झाली. आतल्या भिंतींवर त्यांनी मातीतच उठावाची चित्रे काढली. ताड-शिंदीची झाडे, चरखा, ओम. सेगावच्या शिवारात अशी झाडे पुष्कळ. हातांनी थापलेल्या त्या झाडांकडे पाहताना मला नेहमी वाटते की, सरेमधल्या त्या बागेतली मुलगी इथे पुन्हा सापडते. आश्रमाच्या शिस्तीत अनावश्यक गोष्टीला वाव नसे. ही चित्रे अनावश्यकच होती, तरी ती राहिली.

पुढे गांधीजींची तब्येत बिघडली. आदिनिवासात माणसांची वर्दळ, विश्रांती मिळेना. मीराबेनची कुटी शांत, हवेशीर आणि नेटकी. गांधीजी तिथे राहायला आले, आणि मग तिथलेच झाले. त्यांच्या गरजेप्रमाणे कुटी वाढवली, पडवी, स्नानगृह, आजाऱ्याची खोली असे भाग जोडले गेले. मीराबेन बाहेर पडल्या. कुटीचे नाव बापूकुटी झाले.

त्यांनी तक्रार केली नाही. किंबहुना गांधीजींनी आपण बांधलेल्या घरात राहावे याहून मोठा सन्मान त्यांना दुसरा वाटला नसेल. पण चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांच्या कागदपत्रांवर सह्या केलेल्या माझ्यासारख्याला नाव कोणाचे लागते हा प्रश्न सहजी सोडवत नाही. आमच्या बँकेत मातीच्या भिंतीचे घर तारण म्हणून कोणी पुढे केले, तर मूल्यांकनाच्या रकान्यात जमिनीची किंमत लिहायची आणि घरापुढे शून्य. पक्के बांधकाम हवे, हा नियम. त्या हिशेबाने बापूकुटीची किंमत शून्य, आणि तिच्या मालकीणीचे नाव कुठल्याच रकान्यात नाही. त्या कुटीत बसून १९४२ पर्यंत देशाचे निर्णय झाले. व्हाइसरॉयचा टेलिफोन तिथे आला, काँग्रेसचे पुढारी त्या चटईवर येऊन बसले. मुलांना कताई शिकवण्यासाठी घातलेल्या भिंतींनी हे सारे ऐकले.

कच्च्या घराबद्दल पक्क्या घरात राहणारे एक सांगत नाहीत. ते दरवर्षी थोडे थोडे पुन्हा बांधावे लागते. पावसाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे उतरवून, फुटके काढून, नवे घालून परत रचायचे. पावसानंतर भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, वाळवी कुठवर चढली ते बघायचे. बापूकुटी आज उभी आहे ती १९३० च्या दशकात बांधली म्हणून नव्हे, तर त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी कोणीतरी तिचे छप्पर उतरवून पुन्हा चढवले म्हणून. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामला आला, त्या कुटीत बसला आणि आपल्या भाषणाचा विषयच ती कुटी केला. सामान ठेवायचे मकान आणि माणसाने राहायचे घर यांत फरक असतो, असा त्याचा मुद्दा होता. त्याने कुटीतल्या एकेका जागेचे, चप्पल काढायच्या जागेपासून आजाऱ्याच्या खोलीपर्यंत, कौतुकाने वर्णन केले. मीराबेन तेव्हा हयात होत्या. हजारो मैलांवर, ऑस्ट्रियात.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गांधीजींबरोबर मीराबेनही पकडल्या गेल्या आणि पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध झाल्या. तिथे महादेवभाई गेले, तिथेच कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ ला सुटका झाल्यावर त्या सेवाग्रामला स्थिरावल्या नाहीत. रुरकीजवळ किसान आश्रम काढला, मग ऋषिकेशजवळ पशुलोक. ३० जानेवारी १९४८ ची बातमी त्यांना तिथेच कळली. त्या दिल्लीला गेल्या नाहीत. मग टिहरी गढवालात भिलंगणेच्या खोऱ्यात गोपाल आश्रम, मग काश्मीर. दर ठिकाणी नवी जागा, नवे झोपडे, नवा गोठा, आणि दोन-चार वर्षांत पुन्हा गाठोडे. हिमालयात बांजाची जंगले जाऊन चिडाची लावली जात आहेत, त्यामुळे माती धरून राहत नाही आणि पूर वाढतात, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच सरकारला लिहून कळवले होते. चिपको आंदोलन त्यानंतर वीस वर्षांनी झाले. माती कशाने धरते आणि कशाने सुटते हे त्या सेगावपासून हातांनी शिकत आल्या होत्या. दिल्लीतल्या कार्यालयांत त्यांच्या कागदांचे काय झाले हे सांगायला बँकेतला माणूस कशाला हवा!

१९५९ च्या आरंभी त्यांनी हिंदुस्थान सोडला. आल्या होत्या तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांनी तेहेतीस पुऱ्या करणार होत्या, निघाल्या तेव्हा सहासष्ट. आयुष्य अगदी मधोमध दुमडल्यासारखे. त्या इंग्लंडमध्येही राहिल्या नाहीत, व्हिएन्नाच्या परिसरात ऑस्ट्रियाच्या एका खेड्यात गेल्या, जिथल्या रानवाटांवरून बीथोव्हन हिंडत असे. आत्मचरित्र १९६० मध्ये आले. अखेरच्या वर्षांत भारत सरकारने पद्मविभूषण दिले. रिचर्ड अ‍ॅटनबरोचा गांधी चित्रपट ३० नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीत दाखवला गेला. त्यात जेराल्डिन जेम्स या अभिनेत्रीने मीराबेन उभी केली आहे. तो त्यांना पाहायला मिळाला नाही. त्याच्या चार महिने आधी, २० जुलैला, त्या ऑस्ट्रियातच वारल्या. सेवाग्रामला तेव्हा पाऊस सुरू होऊन महिना झाला होता आणि कवेलू फेरून झाले होते.